कुणाच्या बाजूनं उजवं

„पाठ पुढं, पोट मागं. ध्यानात ठेव, माय. पात्यानं पाण्याले ओंजळीत धरलं का मोटर रडते.”

सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण पंपघराचं कुलूप काढताना सेवकरामांचा हा आवाज निर्मलाबाईंच्या कानात यायचाच. कारध्याच्या वरच्या अंगाला, वैनगंगेच्या काठावर गावाचं हे पंपघर. सेवकरामांनी ते उभी हयात सांभाळलं, आणि त्यांच्यामागं गावच्या पाणी मंडळानं किल्ली सुनेच्या हाती दिली. तसं पाहिलं तर त्या वाक्याची गरज निर्मलाबाईंना कधी पडलीच नव्हती. पंपाचा पंखा असतो पंपाच्या पोटात. कारखानेवाले त्याला इम्पेलर म्हणतात, गाव पंखाच म्हणतं. तो फिरतो, मधल्या तोंडातून पाणी ओढतो आणि कडेनं भिरकावतो. आणि पोटातलं सगळं ठीक चाललेलं असलं, तर कोण उघडून पाहायला जातं?

यंदा मात्र उघडावं लागलं. नदीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला झडप आणि जाळी असते, तिला, म्हणजे फूट-व्हॉल्व्हला, सगळे फुटबॉल म्हणतात. त्या फुटबॉलची जाळी फाटली, एक गोटा आत शिरला आणि पंख्याची सगळी पाती मुळापासून उडाली. पाती जिच्यावर असतात त्या, वाळूनं घासून उरलेल्या ताटलीवर त्यांची खूणही राहिली नाही. पंप इतका जुना की त्याचा पंखा आता कुठल्या दुकानात मिळेना. मग निर्मलाबाई ती ताटली पिशवीत घालून भंडाऱ्याला गेल्या. पितळेची भांडी ओतणाऱ्या आनंदरावांकडून त्यांनी नवा पंखा ओतून आणला. सोन्यासारखा झळकत होता. गावोगावच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देणाऱ्या अड्याळच्या नीलेशनं तो बसवला.

बुधवारी सकाळी निर्मलाबाईंनी तुळशीला प्रदक्षिणा घातल्या, कारण त्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नसत. पंपघरात येऊन मोटरीला कुंकू लावलं, हात जोडले आणि हिरवं बटण दाबलं.

मोटर फिरली, पण तिचा आवाज निराळाच होता. चढणीवर भरलेली बैलबंडी ओढताना बैल जसा घशातून आवाज काढतो, तसा. मीटरचा काटा लाल रेघेकडे सरकला. खालच्या हौदात पाणी पडलं, पण मुलानं नळाची तोटी अर्धवट फिरवावी तसं. पहाडीवरच्या हौदापर्यंत तर थेंबही गेला नाही. जरा वेळानं स्टार्टर खटकन पडला आणि सगळं शांत झालं.

बाहेर माणसं जमली होती. मंडळाचे अध्यक्ष सोमाजी उपरण्यानं मान पुसत आत आले.

„निर्मलाबाई, पितळेचं काम आहे जी हे. चिंच लावून घासा अन् देव्हाऱ्यात ठेवा. पाणी चढवाचं काम नाही होत याच्यानं.”

दोघं-तिघं हसले. केशरबाई हसल्या नाहीत. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. पहाडीच्या उतारावर, पाइपाच्या अगदी शेवटी त्यांची धानाची बांधी. उन्हाळी धान पोटरीवर आलेलं, म्हणजे लोंबी अजून रोपाच्या पोटात. या वेळेला मुळाशी पाणी नसलं तर लोंबी बाहेर येते खरी, पण दाण्यात काही नसतं, नुसतं फोल.

„असं करू,” सोमाजी म्हणाले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. „शुक्रवारच्या सांजेपर्यंत वाट पाहू. मग वरच्या लाइनीचा व्हॉल बंद. जे थोडंथोडकं पाणी येऊन राहिलं, त्याच्यात खालचं तरी धान वाचन. मले काय हौस आहे का केशरबाईचं धान वाळवाची? पण सगळ्यायचंच जाण्यापेक्षा…”

केशरबाई पदर सावरून निघाल्या. निर्मलाबाई त्यांच्या मागून शेताच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत गेल्या.

„केशरबाई, पाणी येईन तुमच्या बांधीत. मी सांगते ना. ते आल्याबिगर मी अन्नाले…”

„हे पाह निर्मला,” केशरबाई गर्रकन वळल्या, „माह्या डोक्यावर तुहा उपास चढवू नको बापा! तसे तुहे उपास कमी आहेत का? आठवड्याचे वार पुरत नाहीत तुले. देवच थकला असन मोजता मोजता.”

निर्मलाबाईंना हसू आलं. मग त्या हळूच म्हणाल्या, „बरं, उपास नाही. पण पाटाचं तोंड मीच येऊन फोडीन. माह्या हातानं. हे तर चालते?”

केशरबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. निर्मलाबाई हळू बोलायच्या, पण बोललेलं टाकायच्या नाहीत, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

„ये मंग,” केशरबाई म्हणाल्या. „फावडं आण. माह्या फावड्याचा दांडा मोडला आहे.”

*

दुपारी नीलेशनं पंप उघडला. तारा बरोबर होत्या, मोटर बाणाच्या दिशेनंच फिरत होती, आणि फुटबॉलची जाळीही नवी होती.

„मावशी, गंमत पाहा,” तो उकिडवा बसून म्हणाला. „मोटर पुऱ्या ताकदीनं काम करून राहिली, त्याच्याहून जास्तच. अन् पाणी अर्धं. म्हणजे जोर कुठं तरी वाया जाऊन राहिला.”

„कुठं?”

„ते या पंख्यालेच विचारा लागते. अन् त्याले तोंड आहे, पण बोलत नाही.” त्यानं पंख्याच्या मधल्या भोकात बोट घातलं. „असं करू का? कडेनं घासून थोडा लहान करतो. मोटरीवरचा भार उतरन.”

„अन् पाणी?”

नीलेशनं डोकं खाजवलं. „पाणी… ते अजून खाली राहीन. पंखा लहान तं फेक कमी.”

„मंग नको घासू.”

„तारा उलट्या करून मोटरच उलटी फिरवली तर?”

„नटाचे आटे त्या बाजूचे नाहीत. उलटा फिरला का नट सुटते अन् पंखा आतच गरगरते. मामंजीच्या वक्ताले एकदा झालं होतं तसं. अन् हे बाहेरचं कवच पाह, गोगलगायीसारखं. हेही एकाच बाजूनं पाणी काढाले बनलं आहे.”

नीलेशनं पाना घेतला. त्यानं पंखा काढला, गोणपाटात गुंडाळला आणि निर्मलाबाईंच्या ओसरीवर आणून ठेवला. „तुम्हीच पाहा मावशी. तुमचे देव काही सांगतील तर सांगा मले. माह्या डोक्यात आता काही शिरत नाही.”

निर्मलाबाईंनी तो गोणपाट दुपारभर उघडला नाही. त्या तांदूळ निवडत बसल्या. सुपात दाणे उसळत होते आणि मनात एकच गोष्ट फिरत होती: मोटर रडते. सासऱ्यांचा शब्द. सकाळी ती रडलीच होती की. पण पाती तर आपण सांगितली तशीच केली आनंदरावांनी. त्यांनी विचारलं होतं, पंखा कोणत्या बाजूनं फिरते, ताई? आणि आपण जराही न अडखळता म्हटलं होतं, उजवा फिरते भाऊ, प्रदक्षिणेसारखा. देवाचं काम जसं उजवं, तसं.

त्यात चुकीचं काय होतं? रोज आपण मोटरीच्या मागं उभं राहून पाहतो. उजवीच फिरते ती.

सांजेला तुळशीपुढं दिवा लागला. त्यांची सून रेणू नेहमी त्यांच्या शेजारी उभी राहायची. आज लेकरू कडेवर होतं, म्हणून ती वृंदावनाच्या पलीकडल्या, वाऱ्याआडच्या बाजूला उभी राहिली आणि तिथूनच निरांजन ओवाळू लागली. इकडून निर्मलाबाईही ओवाळत होत्या.

त्यांचा हात थबकला.

„रेणू, उलटं काहून ओवाळून राहिली?”

„कुठं जी आई? उजवंच तर आहे.”

„अवं, माह्या उलट्या बाजूनं फिरून राहिला तुहा दिवा.”

„तुमच्या तिकडून तसं दिसते,” रेणू हसली. „माह्या इकडं येऊन पाहा ना. इथून तुमचाच उलटा आहे.”

निर्मलाबाई निरांजन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. तुळशीच्या एका अंगाला एक दिवा, दुसऱ्या अंगाला दुसरा. दोन्ही उजवे. आणि दोन्ही एकमेकांच्या उलट.

आरती त्यांनी पुरी केली. घाई केली नाही. कितीही जीव वर आला तरी देवाचं काम अर्धं सोडायचं नाही, हा त्यांचा नेम. तुळशीला कुंकू वाहिलं, नमस्कार केला. मग त्या ओसरीवर गेल्या आणि गोणपाट सोडला.

मोटर पंख्याच्या मागं असते. पाती मात्र पुढच्या अंगाला, जिथून नदीचं पाणी येतं, तिकडं तोंड करून. त्यांनी पंखा हातात धरला, पाती स्वतःकडे. म्हणजे आता नदी जशी पाहते तसं त्या पाहत होत्या. मोटर ज्या बाजूनं फिरवते त्या बाजूनं त्यांनी तो हळूच फिरवला. डावीकडे. आणि प्रत्येक वाकलेलं पातं पोट पुढं करून, ओंजळ धरून पाण्यात घुसत होतं.

सासऱ्यांच्या वाक्यात उजवं-डावं कुठं होतंच नाही. पाठ पुढं, पोट मागं. मोटरीकडून पाहा, नदीकडून पाहा, कुठूनही पाहा, ते तेच राहतं. आपण मात्र ते वाक्य घरी ठेवून आपलाच शब्द भंडाऱ्याला घेऊन गेलो. चांगला शब्द, देवाघरचा. पण कुणाच्या बाजूनं, हे न सांगता.

„रेणू,” त्या म्हणाल्या, „उद्या पहाटेच्या गाडीनं मी भंडाऱ्याले जाते. तुळशीले पाणी तू घाल.”

*

आनंदरावांच्या भट्टीवर ऊन चढायच्या आधीच धग होती. गुडघ्याला फडकं बांधून ते वाळूचा साचा ठोकत होते. पंखा पाहिल्याबरोबर त्यांच्या भुवया वर चढल्या.

„वापस आणला? काय झालं, फुटला?”

„फुटला नाही भाऊ. उलटा आहे.”

„उलटा?” ते उभेच राहिले. „तुम्हीच म्हणाले उजवा! माह्या बायकोनं ऐकलं आहे. वो सुमन, निर्मलाबाई काय म्हणल्या होत्या त्या दिवशी?”

„उजवा,” आतून सुमनबाईंचा आवाज आला. „प्रदक्षिणेसारखा. चहा ठेवू का?”

„ठेव!” आनंदराव निर्मलाबाईंकडे वळले. „हं. बोला आता.”

„उजवाच आहे. पण माह्या बाजूनं. मी मोटरीच्या मागं उभी राहते ना.”

„अन् माह्या बाजूनं?”

„तुम्ही पात्याच्या तोंडाकडून पाहिलं. आरती ओवाळताना समोरून देव जसा पाहते तसं.”

आनंदराव खो खो हसले. „म्हणजे माह्यावर देवाची बाजू लादली तुम्ही! मले काय माहीत, मी तर पापी माणूस. बरं, तुम्ही म्हणता का पाती पुरी उलटी वाकवाची. मागच्या वक्ताले मी बाजारच्या एका उजव्या पंख्याची नुसती नक्कल उतरवली, विचार नाही केला. पण ताई, मले एक सांगा. पाण्याची वस्तू म्हटली का तिले पोट लागते. पळी घ्या, डाव घ्या, गडवा घ्या. पोट पाण्याकडं असलं तरच पाणी येते. हे पातं पाठ पुढं करून पाण्यात गेलं, तर पाणी धरीन कसं?”

प्रश्न खोटा नव्हता. त्यांच्या तीन पिढ्यांनी पाणी धरणाऱ्याच वस्तू घडवल्या होत्या. निर्मलाबाईंना सासऱ्यांनी नियम सांगितला होता, पण तसं का, ते सांगितलं नव्हतं.

सुमनबाई चहा घेऊन आल्या. भट्टीच्या कडेला एक मोठी परात पाण्यानं भरलेली होती, गरम चिमटे बुडवायला. बाजूला ओतून झालेल्या पळ्यांचा ढीग. निर्मलाबाईंनी त्यातली एक पळी उचलली.

„भाऊ, हे फिरवून पाहू.”

त्यांनी पळीचं पोट पुढं करून ती परातीत गोल फिरवली. हाताला जोर लागला. पळी पाण्यानं भरली, पाणी तिच्यापुढं ढेकळासारखं ढकललं जाऊ लागलं, उसळून सुमनबाईंच्या पायावर पडलं.

„अवं माय, माहे पाय!”

मग त्यांनी पळी वळवली. पाठ पुढं. हात हलका झाला. पाणी पळीच्या पाठीवरून घसरत, न उसळता कडेकडे सरकू लागलं. बघता बघता ते काठाशी चढलं आणि परातीच्या मधोमध खळगा पडला.

आनंदरावांनी चहाची बशी खाली ठेवली. त्यांनी पळी मागून घेतली, स्वतः फिरवली, एकदा अशी, एकदा तशी. परत फिरवली.

„धरत नाही,” ते स्वतःशीच म्हणाले. „वाट देते.”

„होय ना. ओंजळीत घेतलं का पाणी पात्यासोबतच गरगरत बसते. मोटर त्याले घेऊन फिरते, फेकत नाही. पाठीवरून घसरलं तर कडेले जाऊन सुटते.”

„मग दोन पाती जास्त टाकू? घसराले जागा जास्त.”

„नको भाऊ. गर्दी झाली का पाणी भिंतीलेच घासते. सप्त्याच्या पंगतीत वाढणारे जास्त झाले तर वाढणं लवकर होते का?”

„एकमेकायच्या अंगावर वरण सांडते,” सुमनबाई म्हणाल्या, पाय पुसत.

आनंदरावांनी फळीवरून पंख्याचा लाकडी फर्मा काढला. पाती त्यावर खिळ्यांनी बसवलेली होती. एकेक उपटून त्यांनी ती उलटी लावायला घेतली. प्रत्येक पातं लावण्याआधी ते पंजा वाकवून बघत होते आणि पुटपुटत होते, „पाठ पुढं, पोट मागं.” एकदा निर्मलाबाईंनी थांबवलं. एक पातं जरा उभं राहिलं होतं, इतरांपेक्षा कमी झुकलेलं.

„एका पात्यानं काय होते ताई?”

„बाकीचे वाट देतील अन् ते एकटं अडवून बसन. प्रत्येक फेऱ्यात धक्का. मंडळात असते ना एखादा, तसं.”

आनंदरावांनी ते पातं उपटलं.

जुना, चुकलेला पंखा त्यांनी भट्टीत टाकला. निर्मलाबाई तो वितळेपर्यंत बाजूला बसल्या. त्यांना वाटलं होतं, वाईट वाटेल. पण पितळ लाल झालं, मऊ पडलं आणि गढूळ सोन्यासारखं मुशीत फिरू लागलं, तेव्हा त्यांच्या मनात एवढंच आलं की चूक अशीच असावी. भट्टीत टाकली का परत कामाची.

ओतणं सांजेपर्यंत झालं, पण साचा थंड व्हायला रात्र लागणार होती. सुमनबाईंनी त्यांना जाऊ दिलं नाही. दिवेलागणीला त्यांच्या देव्हाऱ्यापुढं निर्मलाबाईंनी वात लावली आणि मगच दोन घास खाल्ले.

शुक्रवारी सकाळी साचा फोडला. शेजारच्या खरादवाल्याकडून मधलं भोक कातून साफ झालं. शेवटी आनंदरावांनी पंखा सळईत ओवून दोन विटांवर तोलला. हळूच फिरवला की जड बाजू आपोआप खाली यायची. तिथं ते कानस मारायचे, परत फिरवायचे. किती तरी वेळ हेच चाललं. निर्मलाबाईंचं लक्ष वर चढणाऱ्या उन्हाकडं होतं, पण त्या „लवकर करा” म्हणाल्या नाहीत. शेवटी पंखा कुठल्याही बाजूवर ठेवला तरी तसाच थांबू लागला.

„आता याले कुणाचीच बाजू नाही,” आनंदराव म्हणाले.

*

उन्हं कलली तेव्हा नीलेशनं शेवटचा नट आवळला. सोमाजी पंपघराबाहेर दगडावर बसले होते. हातात मोठा पाना होता, वरचा व्हॉल बंद करायचा. रेणूला निर्मलाबाईंनी आधीच फोन घेऊन पहाडीवरच्या हौदाशी पाठवलं होतं.

नदी काठोकाठ होती. धरणाच्या फुगवट्यानं ती उन्हाळ्यातही अशीच भरून असते, आणि पहाडीवरून पाहणाऱ्याला तेच जास्त जिव्हारी लागतं. निर्मलाबाईंनी पंपात बादलीनं पाणी भरलं, हवा काढली, कुंकू लावलं. बटणावर बोट ठेवून त्या क्षणभर थांबल्या.

„पाठ पुढं, पोट मागं,” त्या हलकेच म्हणाल्या आणि बटण दाबलं.

मोटर गुणगुणली. नुसती गुणगुणली, जात्यावर बसलेली बाई दळता दळता तोंडातल्या तोंडात म्हणते तसं. काटा वर चढला, लाल रेघेच्या कितीतरी अलीकडे थबकला आणि तिथंच राहिला. नीलेशनं मोटरीवर तळहात ठेवला, उचलला, परत ठेवला.

„मावशी, हे तर थंड आहे जी!”

खालच्या हौदात पाणी पडलं, जाड, पांढरं, आवाज करत. निर्मलाबाईंनी तिकडं पाहिलं नाही. त्या पहाडीकडे पाहत होत्या. पाइप लांब होता, चढण मोठी होती. सोमाजीही उठून उभे राहिले होते.

फोन वाजला.

„आई,” रेणूचा आवाज धापा टाकत होता, „पाइप बोलून राहिला. खळखळ येऊन राहिली… थांबा… आलं! आई, हौदात आलं! जोरात आलं! माह्या अंगावर उडालं जी!”

निर्मलाबाईंनी डोळे मिटले. नंतर उघडले.

सोमाजींनी हातातल्या पान्याकडं पाहिलं. „आता हे कुठं ठेवू म्हणतो मी.”

„इथंच ठेवा दाजी,” निर्मलाबाई म्हणाल्या. „फुटबॉलची जाळी कधी ढिली झाली तर लागन.”

„पितळ बाकी चांगलं आहे,” सोमाजी घसा खाकरत म्हणाले. „मी काल म्हणतच होतो घरी.”

„काय म्हणत होते?” नीलेशनं विचारलं.

„पितळ चांगलं आहे म्हणून!”

नीलेश हसत बाहेर गेला. निर्मलाबाईंनी फोन परत कानाला लावला.

„रेणू, आता तू घरी ये. लेकरू रडत असन. आज तुळशीपुढं दिवा तू लाव.”

„अन् तुम्ही?”

„माह्या वाटचंही ओवाळ. तुह्या बाजूनं.”

त्यांनी फोन पदरात बांधला आणि कोपऱ्यातलं फावडं घेऊन त्या बाहेर आल्या. ते पाहून नीलेश म्हणाला, „मावशी, पहाडीवर कायले जाता या वक्ताले? केशरबाईले निरोप दिला का ती फोडीन ना तोंड.”

„तिच्या फावड्याचा दांडा मोडला आहे.”

„मंग मी जातो.”

„नाही रे बाबू. मी बोलली आहे.”

एवढंच म्हणून त्या निघाल्या. पाइप ज्या वाटेनं पहाडी चढतो, त्याच वाटेनं, फावडं खांद्यावर घेऊन. मधेच एकदा थांबून त्यांनी पाइपावर तळहात ठेवला. आतून पाणी वर जात होतं. मग त्यांनी पदर खोचला आणि त्याही चढू लागल्या.